बाळाच्या चेहऱ्यावरचा लाल डाग : आधी डोळे तपासा, मग लेसरचं बोलू

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. जन्मापासून तिच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लालसर डाग आहे. कपाळावर, वरच्या पापणीवर आणि थोडा गालावर. रडली की तो गडद होतो. इथले डॉक्टर म्हणाले, वर्षभरात आपोआप जाईल. जाऊबाईंच्या भाचीला असाच डाग होता, तो खरंच गेला. सासूबाई म्हणतात, ग्रहणात मी विळीवर बसले म्हणून हे झालं. पुण्यातल्या एका क्लिनिकला फोन केला तर त्यांनी सहा बैठकांचं लेसर पॅकेज सांगितलं, डाग शंभर टक्के जाईल म्हणाले. नणंदेचं म्हणणं, एवढ्याशा जिवाला लेसर कशाला, पाच-सहा वर्षांची होऊ दे. बारशाला ह्यांनी फोटोही काढू दिले नाहीत. मी तिला सारखी टोपी घालून ठेवते. लेसर करावं का, कधी करावं, तिला फार दुखेल का? आणि दुसऱ्या बाळालाही असंच होईल का?
– एक आई, कराड

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रात ‘वरच्या पापणीवर’ हे शब्द वाचले आणि लेसरचा विषय मी जरा बाजूला ठेवला. तुम्हीही ठेवा. या आठवड्यात करायचं काम एकच आहे, बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. लहान मुलांचे डोळे तपासणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम. कपाळावर आणि पापणीवर असा डाग असलेल्या काही बाळांच्या त्या बाजूच्या डोळ्यातला दाब वाढतो, म्हणजे काचबिंदू होतो. काचबिंदू म्हातारपणीच होतो असं आपण धरून चालतो. या मुलांमध्ये तो जन्मतःही असू शकतो, आणि वेळेत लक्षात आला नाही तर नजर जाते. डागावरचा उपचार दोन महिने मागे-पुढे झाला तर काही बिघडत नाही. गेलेली नजर मात्र परत आणता येत नाही.

घरी तुम्ही एवढं बघा. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा वाटतो का, बुबुळावर धुरकटपणा आहे का, त्या डोळ्यातून सतत पाणी येतं का, खिडकीकडे तोंड केलं की बाळ डोळा मिटून मान फिरवते का. यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. काहीच दिसलं नाही तरी तपासणी चुकवायची नाही, आणि ती एकदा करून संपतही नाही. पहिली काही वर्षं दर काही महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तरी डोळ्यांचा दाब बघत राहावं लागतं, कारण या मुलांना काचबिंदू मोठेपणीही होऊ शकतो. तुमच्याजवळ कराडातच कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे; तिथे डोळे, त्वचा आणि बालरोग हे तिन्ही विभाग एकाच ठिकाणी सापडतील. पुण्यात जाणार असाल तर एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात लहान मुलांच्या डोळ्यांचे तज्ज्ञ आहेत.

दुसरी गोष्ट सांगताना मला तुम्हाला घाबरवायचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहताही येत नाही. कपाळावरच्या अशा डागासोबत काही बाळांच्या मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही तशाच फुगलेल्या असतात. डाग, डोळा आणि मेंदू असं तिन्ही मिळून जे होतं त्याला स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणतात. चेहऱ्यावर असा डाग असलेल्या बहुतेक मुलांना हा त्रास नसतो. कपाळावर डाग असेल तर शक्यता वाढते, इतकंच. तिचा डाग डावीकडे आहे, आणि मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून तुम्ही लक्ष ठेवायचं ते उजव्या हातापायावर. उजवा हात किंवा पाय ठरावीक लयीत झटके देतो का, नजर एका जागी खिळून राहते का, खेळताना ती डावाच हात वापरते आणि उजवी मूठ मिटूनच असते का. असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. हे झटके येणार असतील तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच येतात. एमआरआय आत्ताच करून घ्यावा का, असं तुमच्या मनात येईल. ते मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांना ठरवू द्या. इतक्या लवकर केलेल्या एमआरआयमध्ये कधीकधी काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यासाठी बाळाला भूल द्यावी लागते.

आता डागाकडे येते. बाळाला न बघता पत्रावरून निदान करता येत नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे जन्मापासून असलेला, चेहऱ्याच्या एकाच बाजूला, रडल्यावर गडद होणारा डाग, ते पोर्ट-वाइन स्टेनशी जुळतं. दर हजार बाळांमागे साधारण तीन बाळांना तो असतो. त्वचेच्या वरच्या थरातल्या केशवाहिन्या कायमच्या रुंद राहिलेल्या असतात आणि त्यातलं रक्त बाहेरून दिसतं. हा डाग आपोआप जात नाही. मूल वाढतं तसा तोही त्याच प्रमाणात वाढतो. गुलाबीचा लाल होतो, लालचा जांभळा होतो. तिशी-चाळिशीत बऱ्याच जणांची त्या जागची त्वचा जाड होते, त्यावर गाठी येतात, आणि दाढी करताना किंवा नख लागलं तरी त्यातून रक्त येतं.

मग तुमचे डॉक्टर ‘आपोआप जाईल’ असं का म्हणाले? कारण लाल डागांतले दोन प्रकार खरंच जातात, आणि रोजच्या ओपीडीत तेच जास्त दिसतात. एक म्हणजे कपाळाच्या मध्यावर, भुवयांच्या मधे, दोन्ही पापण्यांवर आणि मानेच्या मागे असणारा फिकट गुलाबी डाग. तो कितीतरी नवजात बाळांना असतो. चेहऱ्यावरचा वर्ष-दोन वर्षांत फिकटतो, मानेवरचा केसांखाली राहतो आणि कुणाला कळतही नाही. दुसरा म्हणजे हिमँजिओमा, ज्याला बरेच जण स्ट्रॉबेरी म्हणतात. तुमच्या जाऊबाईंच्या भाचीला बहुधा हाच होता. तो जन्माच्या दिवशी नसतो, किंवा जेमतेम एक फिकट ठिपका असतो. दोन-तीन आठवड्यांत उगवतो, पहिले काही महिने झपाट्याने फुगतो, लालभडक आणि उंच होतो, आणि मग काही वर्षांत ओसरत जातो.

तुमच्या बाळाचा कुठला, याचा उत्तम पुरावा तुमच्याच मोबाइलमध्ये असेल. दवाखान्यातून घरी येण्याआधीचा फोटो शोधा. त्यात डाग आजच्याच आकाराचा आणि सपाट असेल तर तो पोर्ट-वाइन असण्याची शक्यता मोठी. तेव्हा अगदी बारीक असेल आणि आता फुगला असेल तर गोष्ट वेगळी. हा फोटो डॉक्टरांना जरूर दाखवा.

हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कुणा आईच्या बाळाला तो फुगणारा हिमँजिओमा असेल, तर तिच्यासाठी थोडं थांबते. ‘जातो आपोआप’ हे तिथे खरं असलं तरी डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर किंवा लंगोटाच्या जागी असलेल्या हिमँजिओमाची वाट बघत बसू नये. तो डोळा झाकू शकतो, चिघळू शकतो, नाकाचा आकार कायमचा बिघडवू शकतो. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्डो इथे क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ या डॉक्टरांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. हिमँजिओमा असलेल्या एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुनं औषध दिलं, तर तो हिमँजिओमाच मऊ पडून फिकट व्हायला लागला. तेव्हापासून मोठ्या किंवा अडचणीच्या जागच्या हिमँजिओमावर हेच पहिलं औषध झालं, लेसर मागे पडलं. लेसर तिथे चिघळलेल्या जखमेसाठी किंवा शेवटी उरलेल्या बारीक लाल रेषांसाठी वापरतात. बाळ महिन्याचं व्हायच्या आतच तज्ज्ञाला दाखवावं, कारण वाढीचा जोर पहिल्या काही महिन्यांतच असतो. आणि हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, उपाशीपोटी कधीही देऊ नये. बाळाची साखर एकदम खाली जाऊ शकते.

पोर्ट-वाइन स्टेनवर असं तोंडाने घ्यायचं औषध नाही. तिथे लेसरच. सगळ्यांत जास्त अनुभव आहे तो पल्स्ड डाय लेसरचा, ज्याला आम्ही पीडीएल म्हणतो. त्यामागचा विचार बॉस्टनमधल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन डॉक्टरांनी १९८३ साली मांडला. त्याआधी आर्गॉन लेसर वापरत. त्याने डाग फिकट व्हायचा, पण आजूबाजूची त्वचाही भाजायची आणि व्रण राहायचे. म्हणून लहान मुलांवर ते करायला डॉक्टर धजत नसत. या दोघांनी असं दाखवलं की प्रकाशाचा रंग आणि वेळ नेमकी निवडली तर फक्त रक्तवाहिनीच तापवता येते. पीडीएलचा पिवळा प्रकाश ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो; तरंगलांबी म्हणजे प्रकाशाचा रंग ठरवणारं माप. तो रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. प्रकाश पडतो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे वाहिनीतली उष्णता बाहेर पसरायच्या आतच बंद होतो. वाहिनीची भिंत आतून भाजते, वाहिनी बंद पडते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तिचा निचरा करतं. १९८९ मध्ये लहान मुलांवरचे निकाल प्रसिद्ध झाले, आणि व्रण न ठेवता तान्ह्या बाळांवरही हे करता येतं हे जगाला पटलं.

आपल्या त्वचेच्या बाबतीत यात एक अडचण आहे, आणि ती तुम्हाला फोनवर कुणी सांगितली नसेल. आपल्या त्वचेला सावळा-गव्हाळ रंग देणारं मेलॅनिन हाच प्रकाश थोडा शोषून घेतं. ताकद जास्त झाली तर फोड येतात, आणि मागे काळे किंवा पांढरे चट्टे राहतात. त्यासाठी प्रत्येक झोताच्या क्षणभर आधी यंत्रातून थंड फवारा मारून वरची त्वचा गार करतात, झोत थोडा जास्त वेळाचा ठेवतात आणि पहिल्या वेळी छोट्याशा जागी चाचणी घेऊन काही आठवडे थांबतात. ही सबुरी न दाखवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

आणि शंभर टक्क्यांचं म्हणाल, तर तसं आश्वासन कुणीही देऊ शकत नाही. डाग पूर्ण पुसला जाणारी मुलं साधारण पाचात एक, किंवा त्याहूनही कमी. बहुतेकांचा डाग बराच फिकट होतो, काहींना फारसा फरक पडत नाही. पीडीएलचा प्रकाश त्वचेत जेमतेम मिलिमीटरभर खोल जातो. त्याखालच्या वाहिन्या तशाच राहतात, आणि अगदी बारीक वाहिन्यांत पुरेशी उष्णता तयारच होत नाही. जागेवरही बरंच अवलंबून असतं. कपाळ, कानशील, मान या जागा चांगली साथ देतात. गालाचा नाकाजवळचा भाग आणि वरचा ओठ हट्टी असतात. हातापायाची टोकं तर त्याहून. म्हणजे तुमच्या मुलीच्या कपाळावरचा भाग आधी आणि जास्त फिकट होईल, गालावरचा मागे राहील, आणि मधल्या काळात चेहरा थोडा ठिपक्या-ठिपक्यांचा दिसेल. तेव्हा ‘आता आणखी वाईट दिसतंय’ असं वाटून उपचार सोडू नका. सहा बैठकांचा आकडाही मनातून काढून टाका. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने आठ-दहा बैठका म्हणजे सुरुवात समजा, पंधरापर्यंतही जातात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दहा वर्षांनी जुने रुग्ण परत तपासले आणि २००७ साली निष्कर्ष मांडला, की डाग काही प्रमाणात पुन्हा गडद झाले होते, तरी उपचाराआधी होते त्यापेक्षा फिकटच होते. तेव्हा तिच्या कॉलेजच्या वयात पुन्हा एक-दोन बैठका लागू शकतात, हे आत्तापासूनच धरून चाला.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग करायचं कशाला? माझं मत विचारलंत तर करावं. जांभळा, जाड होत जाणारा डाग आणि फिकट गुलाबी, मऊ राहिलेला डाग यांत शाळेतल्या, कामावरच्या, बसमधल्या रोजच्या जगण्यात फार फरक पडतो. पुढच्या गाठी आणि रक्तस्राव टळण्याची शक्यताही वाढते. पण हा निर्णय ‘पुसला जाईल’ या भरवशावर घेतलात तर तिसऱ्या बैठकीनंतर तुमचा धीर सुटेल. तसं होताना मी खूप पालकांना पाहिलंय.

क्लिनिकला परत फोन कराल तेव्हा हे विचारा : यंत्र कोणतं आहे, पीडीएल की आयपीएल? आयपीएल हे लेसर नव्हे. ते अनेक रंगांचा मिळून येणारा प्रखर प्रकाश टाकतं, आणि त्यावर फिल्टर लावून वापरतात. पुष्कळ ठिकाणी हेच यंत्र केस काढायला आणि फोटोफेशियलला वापरलं जातं. जाणकार हातात आयपीएलने काही डाग फिकट होतात, हे खरं आहे. पण गव्हाळ त्वचेच्या तान्ह्या बाळावर, तेही पापणीपाशी, पहिला उपचार म्हणून मी ते सुचवणार नाही. भाजण्याचा धोका जास्त, आणि भुवई-पापण्यांचे केसही जाऊ शकतात. एनडी-याग नावाचं १०६४ नॅनोमीटरचं लेसर खोलवर जातं, मोठ्यांच्या जाड झालेल्या डागांना आणि गाठींना ते कामी येतं. तिथे ताकद जरा चुकली तर व्रण पडतो, त्यामुळे ते तुमच्या बाळासाठी नाही. चीनमध्ये शिरेतून औषध देऊन मग प्रकाश टाकण्याची पद्धतही चालते, त्यानंतर काही दिवस उजेडापासून कडक जपावं लागतं. ते तुम्ही कुठेतरी वाचाल, म्हणून सांगितलं. हेही विचारा की तान्ह्या बाळांवर उपचार करण्याचा अनुभव कुणाला आहे, बाळावर लेसर प्रत्यक्ष कोण चालवणार, आणि पापणीच्या आतून डोळ्यावर बसवायचं धातूचं कवच त्यांच्याकडे आहे का. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला तर फोन ठेवा.

कधी करावं? डोळ्यांची तपासणी झाली, बाळ नीट दूध पितंय, वजन वाढतंय, की पहिल्या वर्षातच सुरू करावं. लवकर केल्याने डाग जास्त फिकट होतो का, यावर सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. माझी कारणं साधी आहेत. आत्ता डाग लहान आहे, त्वचा पातळ आहे, बाळ उन्हात फिरलेलं नाही म्हणून रंगही उजळ आहे. आणि मुख्य म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाला दुपट्यात गुंडाळून काही मिनिटं धरून ठेवता येतं, दोन-अडीच वर्षांच्या पोराला नाही. त्या वयात भूल द्यावी लागते. तीन वर्षांखालच्या मुलांना पुन्हा पुन्हा किंवा बराच वेळ भूल देणं मेंदूच्या वाढीसाठी बरं नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली दिला, तेव्हापासून आम्हीही त्याबाबतीत जास्त सावध झालो. नणंदबाईंची काळजी प्रेमापोटीच आहे. पण पाच-सहा वर्षांची होईपर्यंत थांबायचं म्हणजे डाग मोठा होणार, आणि तेव्हा ती रडण्याबरोबर आठवणीतही ठेवणार. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : डोळ्यांच्या तपासणीसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावीच लागली, तर त्याच भुलीत लेसरची बैठक उरकता येते. दोन्ही डॉक्टरांची एकमेकांशी गाठ घालून देणं तुमच्याच हातात आहे, ते आपणहून होत नाही.

दुखतं का? दुखतं. रबर बँड ताणून त्वचेवर सोडल्यासारखा प्रत्येक झोत लागतो. खोलीत काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्ही तयारीनिशी जाल. सगळ्यांना रंगीत चष्मे घालतात. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, एक सिस्टर डोकं दोन्ही हातांत धरते. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकून पापणीखाली ते छोटं कवच सरकवतात, भुवईवर ओलसर जेल लावतात. मग ‘फुस्’ असा थंड फवारा आणि लगेच झगझगीत उजेड. जिथे उजेड पडला तिथे नखाएवढा गोल काही सेकंदांत करडा-जांभळा होतो, त्याला लागून दुसरा, मग तिसरा, अशा रांगा कपाळावरून गालाकडे उतरत जातात. बाळ धरल्या क्षणापासून रडतं, त्यातलं निम्मं रडणं धरून ठेवल्याचं असतं. काही मिनिटांत आटपतं. कवच काढलं की लगेच पदराखाली घ्या. बहुतेक बाळं दूध पितापिताच शांत होतात. घरून निघताना बधिर करणारं मलम स्वतःच्या मनाने लावू नका. तान्ह्या बाळाला ते मोठ्या जागेवर जाड थापलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटू शकते. किती लावायचं ते डॉक्टर मोजून सांगतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाग आधीपेक्षा कितीतरी भयंकर दिसेल. काळे-जांभळे गोल, सुजलेली पापणी, कधीकधी डोळा उघडणारही नाही. सूज दोन-तीन दिवसांत उतरते, काळे गोल एक ते दोन आठवड्यांत जातात. हे सासूबाईंना आणि बाळाच्या वडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘पोरीला जाळून आणलं’ म्हणत घरात रडारड होईल. त्या दिवसांत तिथे तेलमालीश नको, डाळीचं पीठ नको, हळद नको. धुरी-शेक तर अजिबात नको. साधं व्हॅसलिन पुरे. नखं कापा, हातात मोजे घाला. फोड आला तर तो न फोडता डॉक्टरांना फोटो पाठवा. तोंडावर ऊन पडू देऊ नका; सहा महिन्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलेलं झिंकचं सनस्क्रीन लावता येईल, तोवर सावली आणि टोपी. तुमच्या टोपीला माझी ना नाही, ती उन्हासाठी असू द्या.

पैशांचं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. पीडीएल यंत्र महाग, त्यातला डाय (प्रकाश तयार करणारं रंगद्रव्य) ठरावीक काळाने बदलावा लागतो तोही महाग, म्हणून ते मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी असतं. एका बैठकीचे काही हजार रुपये जातात, मोठ्या डागाला त्याहून बरेच जास्त. खासगीत पैसे भरण्याआधी पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम, सायन, नायर किंवा जेजे यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या त्वचा विभागात एकदा दाखवून घ्या. निदान तर पक्कं होईलच, आणि पीडीएल त्यांच्याकडे चालू आहे का, नसेल तर ते कुठे पाठवतात, हेही तिथेच कळेल. विमा असेल तर आधी लेखी विचारा. ‘सौंदर्यासाठीचा उपचार’ किंवा ‘जन्मजात बाह्य दोष’ म्हणून दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं नाव, डोळ्यांचा धोका आणि पुढची गुंतागुंत स्पष्ट लिहून घ्या.

आता विळीचं. ग्रहणात तुम्ही भाजी चिरलीत, झोपलात, की दिवसभर उन्हात उभ्या राहिलात, त्याने हे झालेलं नाही. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांना कारण सापडलं. गर्भ आकार घेत असताना एखाद्या पेशीतल्या जीएनएक्यू नावाच्या जनुकात एक बारीकसा बदल होतो आणि त्या पेशीपासून पुढे तयार झालेल्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंद राहतात. बहुतेक पोर्ट-वाइन डागांत हाच बदल आढळतो. तो तुमच्याकडून आलेला नाही, बाळाच्या वडिलांकडूनही नाही. त्यामुळे दुसऱ्या बाळाला होण्याची शक्यता इतर कुठल्याही बाळाइतकीच आहे. अपवाद एकच : घरात कुणाच्या अंगावर असे बरेच छोटे-छोटे लाल डाग असतील तर डॉक्टरांना सांगा, तो प्रकार वेगळा असतो आणि तो घराण्यात चालू शकतो. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना तपासणीला सोबत न्या आणि हा प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यांत आपल्याकडे फरक पडतो, आणि तुम्ही गेले अडीच महिने जे ओझं वाहताय ते कुणीतरी मोठ्या माणसाने त्यांच्यासमोर उतरवायला हवं. मात्र कुणी बिब्बा लावायला, चुना लावायला किंवा तापल्या लोखंडाने डाग द्यायला सांगितलं, तर तिथे ठाम राहा. बिब्ब्याने भाजलेल्या कातडीचा व्रण लेसरनेही जात नाही.

बाळाच्या वडिलांनाही एक सांगा. फोटो हवेतच. उपचारासाठी हवेत : महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, बाळ शांत असताना, समोरून आणि डाव्या बाजूने. डोळ्यांना न जाणवणारा फरक या फोटोंत दिसतो, आणि पुढच्या बैठकीला ताकद किती ठेवायची ते डॉक्टर त्यावरून ठरवतात. आणि त्याशिवायही हवेत. दहा वर्षांनी ती स्वतःच्या बारशाचे फोटो मागेल, तेव्हा ‘काढले नाहीत’ हे उत्तर तिला त्या डागापेक्षा जास्त लागेल. सोव्हिएत संघाचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावर असाच डाग होता आणि तो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापला जात होता. तिला शाळेत घालायच्या आधी डागाला घरात एक साधं नाव द्या, ‘हा माझा जन्माचा डाग आहे, दुखत नाही’ एवढं वाक्य तिला शिकवा, आणि वर्गशिक्षिकेलाही तेच सांगा. मुलं एकदा विचारतात, उत्तर मिळालं की खेळायला लागतात. मोठ्या माणसांची चुकचुक थांबवायला तुम्हीच पुढे व्हायला हवं.

डोळ्यांचा रिपोर्ट हातात आला की मला पुन्हा लिहा. सोबत जन्माच्या दिवशीचा एक आणि आत्ताचा एक असे दोन फोटो पाठवा. ते छापले जाणार नाहीत. डाव्या डोळ्याचा दाब किती आला तो आकडाही पत्रात लिहा.